भिंत नसलेलं धरण

"आई, या धरणाची भिंत कुठाय?"

अंदमानातल्या भरतपूरच्या किनाऱ्यावर घोटाभर पाण्यात उभं राहून माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलाने हे विचारलं. विमानाच्या खिडकीतून आणि बोटीतून त्याने समुद्र पाहिला होता, पण पाण्याला पाय लागल्यावरच तो त्याच्यासाठी खरा झाला. वर्ध्यात वाढणाऱ्या मुलाचं मोठं पाणी म्हणजे बोर धरण, फार तर महाकाळीचं धरण. दोन्हीकडे पाणी एका भिंतीला टेकून थांबलेलं असतं. वर्ध्याहून कुठल्याही दिशेला निघा, सगळ्यात जवळचा किनारासुद्धा पाचशे किलोमीटरहून लांब. त्यामुळे त्याचा प्रश्न मला अगदी रास्त वाटला. सात वर्षांच्या थोरलीने मात्र हात लांब करून क्षितिज दाखवलं आणि म्हणाली, "तिकडे. पण ती खूप दूर आहे."

आम्ही पाच जण होतो. मी, नवरा, दोन मुलं आणि त्यांची आजी. जायचं अंदमानला, एवढं ठरलं होतं. कुठे राहायचं यावर मात्र महिनाभर खल झाला. एका एजन्सीने सहा दिवसांत पाच बेटांचा कार्यक्रम लिहून दिला होता. रोज सकाळी सामान बांधायचं, रोज बोट, रोज नवी खोली. मोठ्या माणसांना हे जमेलही. साडेतीन वर्षांच्या मुलाला नव्या खोलीतला संडास ओळखीचा व्हायलाच एक दिवस लागतो. मी तो कागद बाजूला ठेवला आणि एकच बेट निवडलं, तेही लहान. शहीद द्वीप, म्हणजे जुनं नील बेट. तिथे सलग पाच रात्री. पुन्हा गेलो तर याहून वेगळं काही करणार नाही.

आधी ऋतूचं सांगते, कारण चूक तिथेच होते. विदर्भात मुलांची मोठी सुट्टी मे आणि जून महिन्यात असते, आणि अंदमानात मेच्या मध्यापासून पाऊस सुरू होतो. तो नैऋत्येचा पाऊस ओसरतो न ओसरतो तोच ईशान्येचा येतो. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर, म्हणजे आपल्या वर्ध्याच्या जवळपास तिप्पट. दिवाळीची सुट्टी मोहात पाडते, पण ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा काळ. २०१६च्या डिसेंबरात खराब हवामानामुळे बोटी बंद पडल्या, हॅवलॉक आणि नील या दोन बेटांवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले, आणि त्यांना काढायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. लहान मुलाचं दूध, औषध, डायपर मोजून नेलेल्या आईने तो प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. जानेवारी ते एप्रिल हा काळ बरा. आम्ही जानेवारीच्या शेवटी गेलो. थोरलीची शाळा सहा दिवस बुडाली. तिच्या बाईंना आधी भेटून सांगितलं होतं.

नागपूरहून पोर्ट ब्लेअरला थेट विमान नाही. चेन्नई किंवा कोलकात्याला बदलावं लागतं. आम्ही चेन्नईपर्यंत रेल्वेने गेलो, सेवाग्राम स्थानकावरून. साधारण हजार किलोमीटर. पैसे वाचतात हे एक, पण मला मुलांना अंतर कळायला हवं होतं. हिंगणघाट, वरोरा, चंद्रपूर, बल्लारशाह ही ओळखीची नावं संपतात, पाट्यांची लिपी बदलते, कपाशीची शेतं जाऊन भाताची येतात. सकाळी डोळे उघडतात तेव्हा खिडकीबाहेर ताडाची झाडं असतात. दोन तासांच्या विमानात यातलं काही कळत नाही. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा न घेता तिकीट लागत नाही. पाच ते बाराच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा तर २०१६पासून पूर्ण भाडं पडतं. विमानात दोन वर्षं पूर्ण झाली की स्वतंत्र आसन आणि स्वतंत्र तिकीट. वयाचा पुरावा म्हणून मुलांचं आधार किंवा जन्मदाखला सोबत असू द्या, बोटीच्या तिकिटालाही ओळखपत्र विचारतात.

विमान खाली उतरू लागलं की लहान मुलांचे कान दुखतात, कारण हवेचा दाब समतोल करणारी कानातली नळी त्यांच्यात अरुंद असते. गिळत राहिलं की ती उघडते. बाळ असेल तर अंगावर पाजावं. आम्ही उतरताना देण्यासाठी गोरसपाक राखून ठेवला होता. एरवी दोन घासांत संपणारं ते वर्ध्याचं बिस्कीट धाकट्याने वीस मिनिटं चघळलं.

पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४पासून श्री विजयपुरम झालं आहे, पण रिक्षावाले अजून जुनंच नाव घेतात. तिथे आम्ही एक पूर्ण दिवस ठेवला होता आणि तो सेल्युलर जेलसाठी होता. मराठी घरातून कोणी अंदमानला गेलं आणि तिथे गेलं नाही असं सहसा होत नाही. सावरकर १९११ ते १९२१ इथे होते. प्रश्न होता मुलांना काय सांगायचं हा. छळाच्या गोष्टी मी सांगितल्या नाहीत. इमारतीचीच गोष्ट सांगितली. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत बांधलेली, मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात लांबलचक इमारती, त्यातल्या आता तीनच उभ्या. पाडलेल्यांच्या जागेवर सरकारी रुग्णालय झालं. प्रत्येक कोठडीचं दार समोरच्या इमारतीच्या पाठीकडे तोंड करून, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. थोरलीने एका कोठडीत पावलं मोजली आणि वर हवेच्या झरोक्याकडे पाहत विचारलं, "मग ते कोणाशी बोलायचे?" पाठ्यपुस्तकात हा प्रश्न मी कधी वाचला नव्हता.

आजीने तिथे एक धागा जोडला, तो मला ठाऊक नव्हता. १९३७च्या जुलैत इथल्या राजकीय कैद्यांनी मायदेशी परत न्यावं म्हणून उपोषण धरलं. ते सोडावं अशी विनंती करणाऱ्यांत गांधीजी होते, आणि त्या वर्षी गांधीजींचा मुक्काम आपल्या सेगावात होता. १९४०मध्ये त्याच गावाचं सेवाग्राम झालं. उपोषण ऑगस्टअखेर सुटलं आणि जानेवारी १९३८पर्यंत राजकीय कैदी मुख्य भूमीवर परतले. "बापूकुटीतले बापू?" थोरलीने विचारलं. हो, तेच. शाळेच्या सहलीत दरवर्षी पाहिलेली ती मातीची कुटी आणि हा दगड-विटांचा तुरुंग एकमेकांना ओळखत होते, हे तिला फार आवडलं. संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम आम्ही सोडला. काळोख आणि मोठे आवाज धाकट्याला सोसले नसते. सकाळी लवकर जाऊन तासाभरात बाहेर पडणं हेच लहान मुलांसाठी पुरेसं आहे.

दुसऱ्या दिवशी बोट. पोर्ट ब्लेअर ते शहीद द्वीप सुमारे ४० किलोमीटर. खासगी बोटीने दीड तास, सरकारी बोटीने दोन तासांच्या आसपास. खासगी बोटी वातानुकूलित आणि बंद असतात, आणि तिथेच मुलांची पंचाईत होते. बोट लागण्याचं कारण म्हणजे आतल्या कानाला हेलकावे जाणवतात आणि डोळ्यांना मात्र स्थिर खुर्ची दिसते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सगळ्यात जास्त होतो. थोरलीला झाला, धाकट्याला नाही. जागा मागताना बोटीच्या मधली, खालच्या मजल्यावरची मागावी, तिथे डुलणं कमी असतं. पोट रिकामंही नको, तट्टही नको. पुस्तक आणि मोबाईल पिशवीत, नजर बाहेर क्षितिजावर. औषध द्यायचंच तर घरून निघण्याआधी मुलांच्या डॉक्टरांकडून वजनानुसार मात्रा लिहून घ्या. मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नये, दोन वर्षांखालच्या बाळाला तर मुळीच नाही.

आणि मग ते बेट.

शहीद द्वीपाचं क्षेत्रफळ जेमतेम १४ चौरस किलोमीटर. वस्ती २०११च्या जनगणनेत तीन हजारांच्या आसपास. एका टोकाच्या लक्ष्मणपूरहून दुसऱ्या टोकाच्या सीतापूरला जायला सायकलने अर्धा-पाऊण तास लागतो. ही सगळी किनाऱ्यांची आणि गावांची नावं रामायणातली. भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर, सीतापूर. "हनुमानपूर कुठाय?" हा प्रश्न धाकट्याने बेटावरच्या प्रत्येक दुकानदाराला विचारला. पूर्व बंगालमधून निर्वासित झालेली कुटुंबं १९६०च्या दशकात इथे वसवली गेली, त्यांनी जंगल काढून शेती केली. आजही पोर्ट ब्लेअरच्या बाजारातला बराचसा भाजीपाला इथून जातो. त्यामुळे बेटावर समुद्राइतकीच शेतं दिसतात. सुपारीच्या बागा, केळी, भाताची खाचरं, वेलांचे मांडव. आजी पहिल्या दिवशी समुद्र सोडून एका वाडीच्या कुंपणाशी उभी राहून पडवळं बघत होती.

बेटाचं पूर्वीचं नाव १८५७च्या उठावात क्रूरपणासाठी कुख्यात झालेल्या नील या इंग्रज अधिकाऱ्याचं. ३० डिसेंबर १९४३ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला आणि अंदमानला शहीद, निकोबारला स्वराज अशी नावं सुचवली. पंचाहत्तर वर्षांनी, ३० डिसेंबर २०१८ला, ती नावं नील आणि हॅवलॉक या दोन बेटांना दिली गेली.

लहान बेट लहान मुलांना का मानवतं, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. मूल शहरात कधीच आपल्या जागेचा अंत पाहत नाही. इथे दोन दिवसांत थोरलीने अख्खा मुलूख पाठ केला. जेट्टी, बाजार, शाळेचं मैदान, शहाळ्यांची गाडी, आमचं घरगुती लॉज, त्यामागची वाट आणि वाटेच्या टोकाला समुद्र. तिसऱ्या सकाळी तिने वहीत बेटाचा नकाशा काढला, आणि तो बऱ्यापैकी बरोबर होता. वर्ध्याचा नकाशा तिला काढता येणार नाही. मलाही नीट येणार नाही.

इथला दिवस आपल्याहून लवकर सुरू होतो. घड्याळ एकच, पण वर्ध्यापेक्षा हे बेट १४ अंशांनी पूर्वेला आहे. सूर्याला एका अंशाला चार मिनिटं लागतात, म्हणजे जवळपास तासाचा फरक. जानेवारीअखेर वर्ध्यात सात वाजता उगवणारा सूर्य इथे पावणेसहाला वर येतो आणि साडेपाचच्या आत मावळतो. मोठे पर्यटक दहा वाजता नाश्ता करून निघतात, तेव्हा अर्धा दिवस संपलेला असतो. मुलांना हे वेळापत्रक आपोआप जमतं. साडेपाचला उठायचं, नऊपर्यंत पाण्यात, दहा ते तीन सावलीत, नंतर पुन्हा किनारा, सातला झोप. सीतापूरचा सूर्योदय आम्ही पाच दिवसांत तीनदा पाहिला, एकदाही कोणाला हलवून उठवावं लागलं नाही.

घड्याळापेक्षा मोठा मालक मात्र भरती-ओहोटी. दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं आणि ओहोटीही तितकीच खोल जाते. कोकणातली माणसं तिथीच्या पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, पण तो हिशेब त्या किनाऱ्याचा. इथल्या वेळा वेगळ्या, लॉजवर किंवा जेट्टीवर विचारून घ्याव्या. आम्ही रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या चार वेळा कागदावर लिहून दारामागे लावत होतो, आणि जेवण, झोप, किनारा सगळं त्यावरून ठरत होतं.

याचं कारण प्रवाळ. भरतपूरचं पाणी उथळ आणि शांत, कारण बाहेरच्या बाजूला प्रवाळांचा कट्टा लाटा अंगावर घेतो. भरती असताना मुलाला तिथे कंबरभर पाण्यात सुरक्षित खेळता येतं. तेच ओहोटीला पाणी मागे सरकतं, खालचे खडक आणि प्रवाळ उघडे पडतात, आणि पोहण्याजोगी जागाच उरत नाही. ओहोटीला आलेले पर्यटक "इथे काही नाही" म्हणून परत जाताना मी पाहिले. त्यांना तीन तास थांबायला हवं होतं.

प्रवाळ हा दगड नाही, हे मुलांना काचेच्या तळाच्या बोटीत बसल्यावर पटलं. तो मुगाएवढ्या जिवांचा एकत्र बांधलेला वाडा असतो. त्या जिवांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि घरमालकाला भाडं म्हणून देतं. पाणी एक-दोन अंशांनी जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की शेवाळ निघून जातं, प्रवाळ पांढरा पडतो आणि उपाशी मरतो. २०१०च्या उन्हाळ्यात अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झालं. आमच्या बोटीखालीही पांढरे-करडे पट्टे होते, मधूनच जांभळे, पिवळसर जिवंत ठिपके. त्यांच्यावर पोपटमासे चोचीने खरवडत होते. नावाड्याने सांगितलं, हा मासा प्रवाळ चावतो, आतलं खातो आणि चुरा वाळू करून सोडतो. ते खरंच आहे. उष्ण समुद्रातल्या पांढऱ्या वाळूत त्याचा मोठा वाटा असतो. थोरली क्षणभर गप्प राहिली. मग, "म्हणजे ही सगळी वाळू माशाची शी आहे?" पुढचे चार दिवस दोघं त्याच आनंदात वाळूचे किल्ले बांधत होती.

पौर्णिमा दोन दिवसांवर असताना, दुपारच्या खोल ओहोटीला आम्ही लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर गेलो. समुद्राने कोरलेली खडकाची कमान तिथे आहे, बंगाली वस्तीने तिला हावडा ब्रिज नाव दिलं आहे. कमान ठीकच. त्याहून मोलाची तिच्या पायथ्याची डबकी. पाणी जाताना मागे राहिलेलं एकेक डबकं म्हणजे एकेक घर. समुद्रकाकडी, खेकडे, निळ्या ओठांचे मोठे शिंपले, आणि गाईडने बोट दाखवल्याशिवाय दिसलाच नसता असा एक छोटा अष्टपाद. वाट निसरडी आणि धारदार आहे. रबरी तळाचे, मागून पट्टा असलेले सँडल मुलांना हवेतच. धाकट्याचा पट्टा सुटला आणि पाय खडकाला घासला. जखम लहान होती, पण प्रवाळाचे बारीक कण आत राहिले तर ती चिघळते. पिण्याच्या पाण्याने भरपूर धुऊन, साबण लावून, कण काढून जंतुनाशक लावलं. तरी दुसऱ्या दिवशी बेटावरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून आलो. मोठं दुखणं आलं तर मात्र पोर्ट ब्लेअर गाठावं लागतं, बोटीने. म्हणून तापाचं औषध, ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर, पट्ट्या हे सगळं घरून न्यावं, आणि धनुर्वाताची लस वेळेवर झालेली असावी.

शंखांवरून एक रडारड झाली. थोरलीने मूठभर गोळा केले होते, वर्ध्याला न्यायला. मी सांगितलं, नेता येत नाहीत. प्रवाळ आणि शंखांच्या कित्येक जाती वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, मेलेला प्रवाळही उचलायचा नसतो, विमानतळावर सामान तपासतात. कायदा सात वर्षांच्या डोळ्यांतलं पाणी थांबवत नाही. ते थांबवलं एका शंखाने. वाळूवर ठेवलेला तो मिनिटभराने चालू लागला. शंखात राहणारा खेकडा स्वतःचं कवच बनवत नाही, गोगलगाईने सोडलेला रिकामा शंख शोधतो, आणि अंग वाढलं की मोठ्या शंखाच्या शोधात निघतो. तिने सगळे शंख ओळीने मांडले आणि भाडेकरूंची वाट बघत अंधार पडेपर्यंत बसली.

जेवणाची चिंता करू नका. भात, वरण, बटाट्याची भाजी, पुरी, अंडी सगळीकडे मिळतात. मासे ताजे. पण बहुतेक ठिकाणी सांगितल्यावर चूल पेटते, पाऊण तास सहज जातो. किनाऱ्यावर जातानाच जेवण सांगून ठेवायचं, परतल्यावर ताट तयार. आजीने जवसाची चटणी आणि मुरमुऱ्यांचा चिवडा आणला होता. "भाजीवर थोडा सांबार घाल" असं तिने स्वयंपाकघरात सांगितल्यावर डाळीच्या सांबाराची वाटी आली. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, ती तिथे धनियापत्ता म्हणून मागावी लागते.

उन्हाबद्दल वर्धेकरांनी विशेष जपावं. ४५ अंश सोसणारे आपण, तिथले ३० अंश हसण्यावारी नेतो. आपल्याकडचं ऊन कोरडं, घाम लगेच सुकतो आणि ऊन लागलं की कळतं. तिथे हवेत ओल इतकी की घाम अंगावरच राहतो, घामोळं येतं, आणि समुद्राच्या वाऱ्यात त्वचा भाजल्याचं रात्रीपर्यंत लक्षात येत नाही. पाण्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी, आणि दर अर्ध्या तासाला घोटभर पाणी. संध्याकाळी किनाऱ्यावरच्या बारीक वाळूमाश्या चावतात, तेव्हा पायजमा. रोख पैसे पुरेसे ठेवा, वीज जाते हे गृहीत धरा, आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरला पोचा. बोट रद्द होऊ शकते, विमान थांबत नाही.

परतल्यावर पंधरा दिवसांनी आम्ही पवनारला गेलो. धाम नदीच्या काठी, विनोबांच्या आश्रमाखालच्या खडकांवर मुलं बसली होती. धाकटा बराच वेळ पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, "ताई, ओहोटी किती वाजता आहे?"

"नदीला ओहोटी नसते रे," ती म्हणाली. "उन्हाळा असतो."